गल्लीतला खुनी आणि दोन बहिणी : धाराशिव जिल्ह्यात घडणारी रहस्यकादंबरी कशी लिहावी

मराठीत रहस्यकथेची परंपरा जुनी आहे आणि तिला वाचकही मोठा आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू ही नावे दोन-तीन पिढ्यांच्या तोंडी होती. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश, म्हणजे फास्टर फेणे, मुलांच्या मनात अजून सायकल दामटतो आहे. या कथांमधली रात्र बहुतेक वेळा मुंबई-पुण्याची असते आणि शोध घेणारा बहुतेक वेळा पुरुष किंवा मुलगा असतो. कळंब, वाशी, परंडा, लोहारा इथल्या शाळेत शिकणाऱ्या मुलीला आपल्यासारखी मुलगी, आपल्यासारखी गल्ली आणि आपल्या ओळखीची भीती अशा पुस्तकात क्वचितच भेटते.

ही उणीव भरून काढण्याची इच्छा असलेल्यांसाठी हा लेख आहे. विषय नेमका धरू : दोन लहान बहिणी. त्यांच्या गल्लीत एक मृत्यू होतो. सगळे त्याला अपघात म्हणतात. या दोघींना मात्र वाटते की हा खून आहे आणि खुनी आपल्यातलाच आहे. असे कथानक धाराशिव जिल्ह्यात कसे रुजवायचे, ते पायरी-पायरीने पाहू.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करा. अशा कादंबरीत खून एका पानात संपतो, संशय अडीचशे पाने चालतो. म्हणून तुमचा खरा विषय संशय हा आहे. तो कुठून उगवतो, कुणावर जातो, कुणाचे वाटोळे करतो आणि त्याचा पुरावा कसा होतो, एवढे चार प्रश्न नीट सोडवले तर पुस्तक उभे राहते.

१. आधी जागा ठरवा, मग खून

जिल्ह्यात आठ तालुके आहेत आणि प्रत्येकाची रात्र वेगळी आहे. जागा निवडताना तिथे काय लपू शकते, कोण एकटे पडू शकते आणि कोणते सत्य बाहेरच्याला कळणार नाही, हे स्वतःला विचारा.

लोहारा आणि उमरगा तालुक्यांत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपाने गावेच्या गावे पडली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक नुकतेच झोपले होते. सास्तूरसारख्या गावांचे पुनर्वसन झाले. नव्या गावठाणात रस्ते सरळ आणि घरे आखीव आहेत, तर जुन्या जागेवर दगडमातीचे ढीग आणि बाभळी. आजच्या मुलांना जुने गाव म्हणजे खेळायची किंवा टाळायची जागा वाटते, आजी-आजोबांना तिथला प्रत्येक उंबरा आठवतो. एकाच जागेचे असे दोन नकाशे असणे ही रहस्यकथेसाठी मोठी सोय आहे.

तुळजापुरात नवरात्र आणि कोजागरीला माणसांचा पूर येतो. सोलापूरकडून रात्रभर पायी चालत येणारे भाविक, आराधी, गोंधळी, परडी आणि पोत घेतलेल्या बाया यांच्या गर्दीत एखादे माणूस हरवले तर दोन दिवस कुणाच्या लक्षात येत नाही. नळदुर्गला बोरी नदी, किल्ल्यातला पाणीमहाल आणि नर-मादी धबधबे आहेत. धबधबा वाहता असला की त्याच्या आवाजात हाक ऐकू जात नाही. किल्ला घ्यायचा तर त्याचा असा उपयोग करा. नुसते बुरूज आणि वटवाघळे दाखवून भागणार नाही.

या लेखात उदाहरणासाठी वाशी तालुक्यातले एक कल्पित गाव घेऊ, कारण तिथे मुलांच्या रहस्यकथेतली सर्वांत अवघड अडचण आपोआप सुटते : आईवडील कुठे असतात?

दसरा-दिवाळीच्या सुमारास भूम, वाशी, कळंब, परंडा भागातल्या अनेक घरांतली नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जाते. टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्यांवर पोचतात आणि हंगाम संपेपर्यंत कोपीत राहतात. काही लेकरे सोबत जातात, काही आजीपाशी गावात राहतात आणि हंगामी वसतिगृहात जेवतात. या काळात गाव म्हातारी माणसे, मुले आणि मोजक्या कर्त्या पुरुषांचे असते. आईवडील मेले किंवा शहरात आहेत अशी ओढूनताणून सबब शोधावी लागत नाही. ते जिवंत आहेत, प्रेम करतात, पण फोनशिवाय भेटत नाहीत. मुलींचे धाडस आणि त्यांचे एकाकीपण दोन्ही इथूनच येते.

२. थोरली आणि धाकटी यांना दोन डोळे द्या

बहिणी दोन असल्या तरी त्या एकसारखा विचार करत असतील तर एक पात्र वाया गेले म्हणून समजा. थोरली तेरा वर्षांची ठेवा, धाकटी नऊची. आई गावात नसताना थोरलीवर घर पडते : भाकरी, पाणी, आजीचे औषध, धाकटीची वेणी. म्हणून ती सावध असते. लोक काय म्हणतील, हा प्रश्न तिला कळू लागलेला असतो. धाकटी गल्लीत कुणाच्याही घरात शिरू शकते. नऊ वर्षांच्या मुलीपुढे मोठी माणसे बोलणे थांबवत नाहीत, कारण तिला काही कळत नाही असे त्यांना वाटते.

या फरकातून कामाची वाटणी करा. धाकटी पाहते, थोरली जुळवते. धाकटीला वस्तू दिसतात, थोरलीला माणसांचे हेतू. धाकटीचा संशय पटकन भडकतो, थोरलीचा उशिरा येतो पण हटत नाही. मध्यावर त्यांचे कडाक्याचे भांडण होऊ द्या. भांडणाचे कारण पुराव्याचे असू नये, नात्याचे असावे : आई कुणावर जास्त विश्वास टाकून गेली, किंवा आजीला कुणी दुखावले. दोघी बोलत नाहीत असे दोन दिवस कादंबरीतले सर्वांत धोक्याचे दिवस ठरतात, कारण प्रत्येकीकडे अर्धीच माहिती असते.

निवेदन शक्यतो एकीकडेच द्या. धाकटी सांगते असे ठरवले तर वाचकाला तिच्याआधी गोष्टी कळत जातात आणि तिच्यासाठी त्याचा जीव टांगणीला लागतो. थोरली सांगते असे ठरवले तर अपराधीपणा आणि शंका खोलवर दाखवता येतात. दोन्ही आवाज हवेच असतील तर प्रकरणे वाटून द्या. एकाच प्रकरणात मनामनात उड्या मारू नका.

३. मृत्यू असा निवडा, की त्यातली खोट मुलीच ओळखतील

आपल्या उदाहरणात गल्लीतली एक एकटी राहणारी म्हातारी विहिरीत सापडते. काठावर तिची कळशी पडलेली असते. पाणी शेंदायला गेली, पाय घसरला, असे सगळे म्हणतात. पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते.

धाकटीला मात्र ठाऊक आहे, की आदल्या संध्याकाळी नळाला पाणी आले होते आणि म्हातारीचा हंडा तिनेच काठोकाठ भरून ठेवला होता. मग विहिरीवर जायचे कारण काय? थोरलीला दुसरी गोष्ट खटकते. काठावर सापडलेली कळशी तांब्याची, देवपूजेच्या पाण्याची होती. म्हातारी ती दारापलीकडे कधी नेत नसे. ती कळशी तिथे ठेवणाऱ्याला घरातल्या भांड्यांची रीत माहीत नव्हती.

अशा खुणा लिहा. त्या प्रयोगशाळेत सापडत नाहीत. रोजच्या कामात ज्यांचे हात असतात त्यांनाच दिसतात. मुलींचे ज्ञान हेच त्यांचे हत्यार. शहरी कथेतला भिंग घेतलेला गुप्तहेर इथे उपयोगाचा नाही.

प्रत्येक महत्त्वाची खूण तीनदा यायला हवी. पहिल्यांदा ती कामाच्या ओघात, कुणाचे लक्ष जाणार नाही अशी येते : धाकटी हंडा भरते, म्हातारी तिला शेंगदाण्याचा लाडू देते. दुसऱ्यांदा कुणाच्या तरी बोलण्यात येते. तिसऱ्यांदा तिचा अर्थ लागतो. पहिली वेळ पुस्तकाच्या पहिल्या चतुर्थांशात यायला हवी. वाचकाला न दाखवलेल्या वस्तूवर उलगडा बेतला तर तो फसवला गेल्यासारखा पुस्तक मिटतो, आणि ते रास्त आहे.

४. पहिला संशय कुणावर जातो?

हा या प्रकारच्या लेखनातला सर्वांत नाजूक टप्पा आहे. गावात काही वाईट घडले की बोट आधी पालावर राहणाऱ्यांकडे, बाहेरून आलेल्यांकडे, एकट्या-विक्षिप्त माणसाकडे वळते. इंग्रजांनी १८७१ मध्ये केलेल्या कायद्याने पारध्यांसह कित्येक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का अनेकांच्या मनातून गेला नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांना मारून टाकले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढा भागातून भिक्षा मागत आलेले होते. मंगळवेढा आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात आहे.

म्हणून लेखकाने दोन गोष्टी पाळाव्यात. पहिली, अशा समाजातला माणूस खुनी निघतो असा शेवट करू नये. वाचकाच्या पूर्वग्रहावर चटकन टाळी मिळते, पण पुस्तक खोटे ठरते. दुसरी, तो संशय कादंबरीतून वगळूही नये. गाव तसे वागते, तर तसे दाखवा. मुलींनाही पहिल्यांदा चुकू द्या. धाकटीने वर्गात बोललेले एक वाक्य पालावरच्या कुटुंबापर्यंत पोचते, त्यांना रातोरात गाव सोडावे लागते आणि त्यांची मुलगी याच बहिणींच्या वर्गात असते. इथून पुढे संशय हा खेळ राहत नाही. चुकीचे बोट दाखवण्याची किंमत काय असते, हे मुलींना कळलेले असते, म्हणून पुढचा संशय त्या घाबरत घाबरत घेतात. कथेचे वजन इथे वाढते.

हार्पर ली यांची १९६० ची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी याच कारणासाठी वाचावी. तिथली भावंडे बंद घरातल्या शेजाऱ्याला राक्षस समजतात. खरा राक्षस गावाच्या न्यायबुद्धीत दडलेला असतो.

५. प्रत्येक संशयिताला स्वतःचे लहान गुपित द्या

वाचकाला चकवण्यासाठी निरपराध माणसाला उगाच खुनशी नजर, व्रण किंवा घोगरा आवाज देऊ नका. त्याला खरोखर काहीतरी लपवू द्या, मात्र ते खुनाहून लहान असू द्या.

भूम-वाशीचा भाग खव्यासाठी प्रसिद्ध आहे आणि कुंथलगिरीचा पेढा सगळ्यांना माहीत आहे. गल्लीत खव्याची भट्टी असलेला एक मामा ठेवा. म्हातारी गेली त्या रात्री मुलींना त्याची भट्टी पेटलेली दिसते. दूध सकाळ-संध्याकाळ येते, मग मध्यरात्री कढईत काय आटते आहे?

“आक्का, मामाची भट्टी पेटली की गं.”
“झोप गप. दूध आटवायलेत.”
“आत्ता? ह्या येळंला कुणाच्या म्हशी पान्हावल्या?”

धाकटीचा प्रश्न बिनतोड आहे. वाचकाच्या मनात जाळण्यासारख्या भयंकर वस्तू येऊ लागतात. खरे कारण निराळे निघते : धंदा बुडत चालल्याने मामा रात्री दुधाच्या भुकटीचा खवा करतो आणि ते कुणाला कळू नये म्हणून धडपडतो. त्याचे खोटे बोलणे, घाम फुटणे, मुलींवर खेकसणे सगळे खरे आहे, पण दुसऱ्या अपराधाचे आहे. असा चकवा उलगडल्यावर वाचक चिडत नाही, त्याला माणूस कळतो.

खरा खुनी कोण? जो सर्वांच्या उपयोगी पडतो तो. आपल्या उदाहरणात मोबाइल रिचार्जचे दुकान चालवणारा काका आहे. आजीचा साधा फोन बिघडलेला असल्याने मुली दर रविवारी त्याच्याच फोनवरून आईशी बोलतात. म्हातारीचे प्रेत त्यानेच पाहिले, पंचनाम्याला पंच म्हणून तोच उभा राहिला, मुलींना शाळेत सोडतोही तोच.

त्याला म्हातारीकडच्या पैशाचे कसे कळले, हा प्रश्न शेवटपर्यंत राखून ठेवा. ऊसतोडीला जाताना गल्लीतल्या दोन-तीन घरांनी उचलीतले पैसे आणि डाग म्हातारीपाशी ठेवले होते. ही गोष्ट आई फोनवर बोलून गेली, फोन स्पीकरवर होता आणि काका समोर उभा राहून हिशेब लिहीत होता. हे सगळे दुसऱ्या प्रकरणात, डोळ्यांदेखत लिहा. वाचक त्या वेळी आईच्या आवाजातल्या खोकल्याची काळजी करत असेल.

यातून दोन पेच तयार होतात. आपल्याच बोलण्यातून खुन्याला बातमी लागली, हे ओझे मुलींवर येते. आणि त्याचे नाव घेतले तर आईशी बोलायची एकमेव वाटही बंद होते. आपल्याकडे गल्लीतला प्रत्येक पुरुष काका, मामा किंवा अण्णा असतो, त्यामुळे इथे संशय नात्यावरच येतो. हिचकॉकच्या १९४३ च्या ‘शॅडो ऑफ अ डाउट’ या चित्रपटात तरुण भाचीला लाडक्या मामावर खुनाचा संशय येतो; तो पाहिला तर प्रेम आणि भीती एकाच माणसाबद्दल कशी वाटू शकते, याचा चांगला अभ्यास होईल.

६. संशयाचा पुरावा करा : मानवतकडून घ्यायचा धडा

मराठवाड्यातले या विषयाला सर्वांत जवळचे खरे प्रकरण परभणी जिल्ह्यातल्या मानवतचे आहे. नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात, दुष्काळाने हैराण झालेल्या त्या गावात दहा खून झाले. बळी बहुतेक लहान मुली आणि स्त्रिया होत्या. गुप्तधनासाठी बळी दिले गेल्याचे आरोपपत्रात होते. मुंबईहून आलेले गुन्हे अन्वेषणातले अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांनी तपास केला. मुंबईतल्या रमण राघव प्रकरणाचा तपासही त्यांच्याच नावावर आहे. २०२४ मध्ये या घटनेवर ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका आली.

लेखकाने यातून रक्तपाताचे तपशील उचलू नयेत. ज्या मुली गेल्या त्यांची घरे आजही आहेत. धडा घ्यायचा तो न्यायालयातला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७७ च्या निकालात माफीच्या साक्षीदाराच्या जबाबाची चर्चा झाली : गुन्ह्यात सामील असलेल्याच्या बोलण्यावर विसंबायचे तर त्याला स्वतंत्र दुजोरा हवा. गाव ज्याला खात्री म्हणते, ती न्यायालयात खात्री ठरत नाही. तुमच्या बहिणींनाही हे अंतर चालून जाऊ द्या. त्यांना माहीत आहे, पण सिद्ध करता येत नाही, हा कादंबरीचा सर्वांत ताणाचा भाग आहे.

गुप्तधन, करणी, भानामती हे धागे वापरायचे असतील तर महाराष्ट्रात नरबळी आणि जादूटोण्याविरुद्धचा कायदा २०१३ पासून आहे हे लक्षात ठेवा. अंधश्रद्धा ही माणसांच्या डोक्यातली गोष्ट म्हणून दाखवा, खुनाचे उत्तर म्हणून नको.

तपासाचे काही तपशील बिनचूक असले पाहिजेत :

- १ जुलै २०२४ पासून खुनाचे कलम भारतीय न्याय संहितेचे १०३ आहे. कथा त्याआधीची असेल तर ३०२ लिहा.
- गावात पहिली खबर बहुधा पोलीस पाटलाकडे जाते, तिथून ठाण्यात. गंभीर गुन्ह्यात जिल्ह्याची स्थानिक गुन्हे शाखाही उतरते.
- पाण्यात सापडलेल्या प्रेताचे शवविच्छेदन करताना माणूस बुडून मेला की मेल्यावर पाण्यात पडला, हा मुख्य प्रश्न असतो. व्हिसेरा राखून तपासणीला पाठवला जातो आणि अहवाल यायला वेळ लागतो. तो वेळ तुमच्या कथेला मिळतो.
- मुलींना साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही. स्त्रियांचा आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांचा जबाब ते राहतात तिथेच घ्यावा लागतो. म्हणजे पोलीस मॅडमना आजीच्या ओसरीवर यावे लागेल, आणि गल्लीतला प्रत्येक डोळा ते पाहील. प्रसंग आपोआप तयार झाला.
- मुलांची साक्ष कायद्याने चालते. प्रश्न समजून त्यांची नीट उत्तरे देता येतात की नाही, एवढे न्यायालय पाहते.

शेवटचा पुरावा मोठ्यांच्या यंत्रणेतून येऊ द्या. म्हातारीकडे ठेवलेला एक डाग बार्शीच्या सराफाकडे गहाण पडल्याची नोंद निघते. त्या नोंदीपर्यंत पोलीस पोचतात ते हंडा आणि कळशी या मुलींनी सांगितलेल्या दोन गोष्टींमुळे. मुलींनी खुन्याला एकट्यांनीच पकडण्यापेक्षा हे जास्त खरे आहे आणि जास्त समाधान देते.

७. भीती वाढवायची कशी

भीतीसाठी अंधार लागतो, पण त्याहून जास्त लागते ते रिकामेपण. २०२४ च्या अखेरीस टिपेश्वरच्या जंगलातून आलेला वाघ येडशी-रामलिंग अभयारण्याच्या परिसरात दिसला आणि आसपासची गावे संध्याकाळीच दारे लावू लागली. तुमची कथा त्या हिवाळ्यात ठेवली तर रात्री रस्त्यावर कुणी नसण्याचे सबळ कारण मिळते. साक्षीदार नाहीत, कुत्रे भुंकले तर लोक वाघ समजतात. बाहेरच्या जनावराची भीती घरातल्या माणसाला झाकते, हे वाचकाच्या हळूहळू लक्षात येऊ द्या.

दर तीन-चार प्रकरणांनी मुलींची एक सुरक्षित जागा काढून घ्या. आधी विहीर, मग मामाची भट्टी, मग शाळेची वाट, शेवटी फोन. प्रसंग भयंकर करण्याची गरज नाही. काकाने धाकटीला नुसते विचारावे, “हंडा तूच भरला होतास ना गं?” हा प्रश्न त्याला सुचायचे कारण नव्हते. एवढे पुरते.

हिंसा पानाबाहेर ठेवा. दहा ते चौदा वर्षांच्या वाचकासाठी लिहीत असाल तर प्रेत दाखवू नका. गर्दीच्या पायांमधून दिसलेला लुगड्याचा ओला काठ दाखवा. मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचा केवळ ताण वाढवण्यासाठी उपयोग करू नका. आणि मुली एखादे धोक्याचे पाऊल उचलतात, तेव्हा त्यांनी आधी एका तरी मोठ्या माणसाला सांगून पाहिले होते, हे दाखवा. त्याने ऐकले नाही, हा दोष त्याच्या पदरात पडू द्या. पुस्तकाच्या शेवटी ११२ हा आपत्कालीन क्रमांक आणि १०९८ ही मुलांची मदतवाहिनी छापा. वाचणाऱ्या एखाद्या मुलीला खरोखर गरज असू शकते.

८. बोली जपून वापरा

निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत, ही वाटणी नवोदितांना सोपी जाते. धाराशिवची बोली सगळीकडे सारखी नाही. उमरगा-लोहाऱ्याकडे कानडी आणि दखनीचा वारा आहे, परंडा-भूमकडे बार्शी-करमाळ्याचा. गाव ठरवल्यावर तिथल्या आठवडी बाजारात बसा आणि ऐका. ‘करायलेत’, ‘जायलाव’ अशी क्रियापदे दोन-चार ठिकाणी अचूक बसली तरी बोली जिवंत होते. प्रत्येक शब्द वाकडा लिहिला तर वाचक अडखळतो आणि पात्रे विनोदी वाटू लागतात. म्हातारी आणि आजी यांची बोली सर्वांत दाट ठेवा. शाळेत जाणाऱ्या थोरलीच्या तोंडी दोन्ही भाषा असतात. गुरुजींशी एक, धाकटीशी दुसरी.

९. कामाचे वेळापत्रक

पहिले पंधरा दिवस लिहू नका. गल्लीचा नकाशा काढा : कुणाचे दार कुठे, कुणाच्या ओसरीवरून विहीर दिसते, नळ कोणत्या वारी येतो. मग खुनाच्या रात्रीची तासवार नोंद करा, त्यात प्रत्येक पात्र कुठे होते ते लिहा. ही नोंद कादंबरीत येणार नाही, पण तिच्याशिवाय खुणा जुळणार नाहीत.

त्यानंतर तीस प्रकरणांचा आराखडा करा आणि प्रत्येक प्रकरणासमोर तीन ओळी लिहा : काय घडते, मुलींना काय वाटते, वाचकाला जास्तीचे काय कळते. रोज पाचशे शब्द लिहिले तर शंभर दिवसांत पन्नास हजार शब्दांचा पहिला खर्डा होतो. तो महिनाभर बाजूला ठेवा. मग फक्त खुणा तपासण्यासाठी वाचा, नंतर फक्त संवादांसाठी.

छापण्यापूर्वी तिघांना वाचायला द्या : त्याच भागातली एखादी शाळकरी मुलगी, एखादा निवृत्त पोलीस किंवा वकील, आणि ऊसतोडीला जाऊन आलेले माणूस. प्रकाशनासाठी दिवाळी अंक आणि किशोर वाचकांची पुस्तके काढणारे प्रकाशक आहेतच. पहिलेच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची माहिती घ्या. २०२० मध्ये ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच जिल्ह्याच्या गावी भरले होते. वाचक आणि लिहिते हात इथे आहेत, त्यांना त्यांची गोष्ट हवी आहे.

१०. खुनी सापडल्यानंतरचे प्रकरण

बहुतेक रहस्यकथा खुन्याच्या हातात बेडी पडली की संपतात. तुमची तिथे संपवू नका. पालावरचे कुटुंब अजून गावाबाहेर आहे. खव्याच्या मामाकडे लोक अजून तिरपे पाहतात. मुलींनी त्यांचे काय केले?

एक प्रकरण यासाठी राखा. धाकटीने वर्गमैत्रिणीला शोधत जावे, तिच्या आईसमोर उभे राहावे आणि आपण काय बोललो होतो ते स्वतःच्या तोंडाने सांगावे. समोरून क्षमा मिळेलच असे नाही, मिळू नये असेही नाही. ते त्या आईने ठरवायचे. मामाकडे थोरलीने जावे. त्याच्या भुकटीचे काय करायचे, हा प्रश्नही तिथे सुटू द्या.

माझा आग्रह असा, की हे प्रकरण सर्वांत आधी लिहा. ते लिहून झाले की कुणावर संशय किती आणि कसा दाखवायचा, याचे माप तुमच्या हाती येईल, आणि मग पहिल्या पानावर विहिरीकाठची कळशी ठेवा.